गाळ आणि गाळणे : एका झिंग्याच्या निमित्ताने

'गाळ' हे नाम आणि 'गाळणे' हे क्रियापद एकाच घरातली असली, तरी त्यांचे एकमेकांशी फारसे बोलणे नसते. गाळ म्हणजे तळाशी बसलेले, उपसून टाकायचे. गाळणे म्हणजे त्यातून कामाचे तेवढे वेगळे काढणे. पण हे क्रियापद दिसते तितके सरळ नाही. दूध गाळले म्हणजे ते जपून ठेवले आणि यादीतून नाव गाळले म्हणजे ते टाकले. एकाच क्रियापदाने ठेवणेही सांगावे आणि टाकणेही, ही सोय की गैरसोय हे ठरवणे कठीण आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' असे शीर्षक दिले, तेव्हा त्यांचा विनोद याच संदिग्धतेवर उभा होता, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. इतिहासकार जे गाळतो, ते त्याच्या भांड्यात उतरते की फडक्यावर राहते?

हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा आला तो ग्रंथालयात नव्हे, तर दीपनगरच्या वसाहतीतल्या एका खोलीत, काचेच्या टाकीसमोर. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; प्राणिशास्त्राशी आमचा संबंध शब्दकोशापुरता. आमच्यापैकी एकाचे बालपण याच वसाहतीत गेलेले. चार फूट लांबीची ती टाकी घरात आली मुलांच्या हट्टाने, आणि मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावर राहिली आमच्या गळ्यात. तिच्यात माशांखेरीज तीन झिंगे होते. मुंबईहून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, थर्मोकोलच्या खोक्यातून, रात्रीच्या गाडीने ते भुसावळ जंक्शनवर उतरले. हावड्याहून आणि इटारसीहून येणारे दोन्ही लोहमार्ग जिथे एकत्र येतात, त्या स्थानकावर असे जिवंत पार्सल उतरणे ही काही नवलाची गोष्ट नसावी.

दुकानदार त्यांना 'बांबू झिंगा' म्हणत होता. खानदेशात झिंगा म्हटले की बाजाराच्या दिवशी ढिगाने मांडलेले सुके झिंगे आणि त्यांचे लालभडक कालवण डोळ्यांसमोर येते; त्यामुळे हा तीन-चार इंची तपकिरी प्राणी पाळायचा आहे, खायचा नाही, हे शेजाऱ्यांना पटवून देणे सोपे गेले नाही. याला नांग्या नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांचे पंखे झाले आहेत. पायांच्या पुढच्या दोन जोड्यांच्या टोकांना लांब, बारीक केसांचे झुबके असतात. वाहत्या पाण्यासमोर लाकडाच्या तुकड्यावर तोंड करून हा बसतो, चारही पंखे उघडतो, पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म कण त्यांत अडकतात, मग एकेक पंखा मिटून तोंडाशी नेतो, पुसून घेतो आणि पुन्हा उघडतो. शेवाळाचे कण, कुजलेल्या पानांचा चुरा, सूक्ष्म जीव हे त्याचे अन्न. त्याला काही पकडावे लागत नाही. प्रवाह आणून देतो ते घ्यावे लागते. अशा प्राण्यासाठी रुळलेला मराठी शब्द आम्हाला सापडला नाही. 'गाळणभोजी' हा आम्ही आमच्यापुरता केलेला शब्द. कोणाला अधिक चांगला सुचला तर आम्ही तो आनंदाने स्वीकारू.

इथे गाळण्याचा अर्थ उलटतो. माणूस पाणी गाळतो तेव्हा त्याला हवे असते खाली उतरलेले पाणी. झिंगा पाणी गाळतो तेव्हा त्याला हवे असते गाळणीवर राहिलेले. या दोहोंहून वेगळा तिसरा विचारही आपल्याकडे आहे. जैन घरांतील जुन्या रीतीप्रमाणे पाणी दुहेरी फडक्यातून गाळले, की फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव झटकून टाकायचे नसतात; थोडे पाणी ओतून ते ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे असतात. पाणी आपल्यासाठी आणि फडक्यावरचे जीव त्यांच्या त्यांच्या जागी. म्हणजे इथे टाकायचे असे काहीच उरत नाही. जळगाव-भुसावळच्या जुन्या पेठांत विहिरी वापरात होत्या तोवर हे दृश्य दुर्मिळ नव्हते. नळ आले आणि परत सोडायला विहीरच राहिली नाही.

आता या झिंग्याच्या नावाचा इतिहास पाहू. लायडेनच्या संग्रहालयातील विल्हेम द हान या अभ्यासकाने १८४९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि मोलुक्का बेटांवरून त्याला 'मोलुकेन्सिस' हे नाव दिले. मोलुक्का म्हणजे लवंग-जायफळाची बेटे. ज्यांच्यासाठी पोर्तुगीज आणि डच एकमेकांच्या जिवावर उठले, तीच. मसाल्यांची जहाजे जिथे जात, तिथून संग्रहालयांसाठी बरण्याही भरून येत. हा झिंगा बराच काळ 'ॲटिया' या प्रजातीत गणला जात होता. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या फेनर चेस यांनी १९८३ मध्ये आशियाई झिंग्यांसाठी 'ॲटिऑप्सिस' ही वेगळी प्रजाती केली. पश्चिम आफ्रिकेतील त्याचा थोराड, निळसर भाऊबंद, ज्याला हौशी लोक उगाचच 'व्हॅम्पायर' म्हणतात, तो मात्र 'ॲटिया'तच राहिला. रक्ताशी त्या बिचाऱ्याचा काहीही संबंध नाही. तोही पंख्यांनी पाणीच गाळतो.

द हानने नाव दिले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५० मध्ये, लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या एका प्रयोगाची हकीकत मांडली. त्याने काचेच्या भांड्यात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासा वनस्पतीला पोसेल, वनस्पती माशाला प्राणवायू देईल, आणि पाणी बदलावे लागणार नाही, असा हिशेब. पण पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि हिशेब चुकला. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि चिकट शेवाळ खाल्ले, पाणी निवळले, आणि प्रयोग साधला. मत्स्यालयाच्या इतिहासात मासा आणि वनस्पती यांचे कौतुक खूप झाले. आम्हाला महत्त्वाची वाटते ती ही तिसरी आलेली गोगलगाय. दोघांच्या संसारात जे उरते, ते खाणारे कोणी नसेल, तर तो संसार टिकत नाही.

याच्याही आधी, १८३२ मध्ये, जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीत मेसिना येथे सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या वापरल्या होत्या. पण नाव झाले फिलिप हेन्री गॉस याचे. त्याच्या १८५४ च्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरांत नेला आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गाला त्याचे अक्षरशः वेड लागले. लोक बादल्या घेऊन समुद्रकिनारी जाऊ लागले. खडकांतल्या डबक्यांचे पुढे काय झाले, हे गॉसचा मुलगा एडमंड याने 'फादर अँड सन' या १९०७ च्या आत्मकथनात लिहिले आहे: बापाने ज्या सौंदर्याकडे बोट दाखवले, ते सौंदर्य त्या बोटामागून धावत आलेल्या गर्दीने ओरबाडून नेले. इंग्रजीच्या प्राध्यापकांना हे पुस्तक पितापुत्रांच्या श्रद्धासंघर्षासाठी ठाऊक असते. आम्हाला आता त्यातला किनाराच अधिक आठवतो.

पुढचे पाऊल यंत्राचे. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉइड याच्या योजनेने जे भव्य मत्स्यालय उभे राहिले, त्यात प्रेक्षकांना न दिसणारा मोठा अंधारा हौद होता, आणि वाफेच्या जोरावर पंप पाणी सतत फिरवीत राहत. वॉरिंग्टनचे स्थिर भांडे मागे पडले; पाणी वाहू लागले, आणि ते वाहत होते कोळशावर. दीपनगरला बसून हे वाचताना हसू येते. इथे पहिला वीजसंच १९६८ मध्ये सुरू झाला, १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन आले, आणि पुढे ५०० मेगावॅटचे दोन. कोळसा येतो रेल्वेने, पाणी येते तापीवरच्या हतनूर धरणातून. धुरातली राख विजेच्या भारित पट्ट्यांनी ओढून घेतली जाते, तेही एक गाळणेच. आणि त्या सगळ्याच्या शेवटी, तारेच्या टोकाला, आमच्या टाकीतला हातभर लांबीचा पंप फिरतो व झिंग्यासमोर एक खोटी नदी वाहते. आपल्या भाषेने पाण्याला आणि विजेला 'प्रवाह' हा एकच शब्द दिला आहे. आमच्या टाकीत तो श्लेष राहत नाही, शब्दशः खरा होतो.

महाराष्ट्रात ही हौस सार्वजनिक झाली ती मुंबईला. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. आमच्या पिढीच्या खानदेशी मुलांना मुंबईची सहल म्हणजे राणीचा बाग, गेटवे आणि हे मत्स्यालय. तिथे काचेमागे निळा-हिरवा उजेड असे आणि काचेला नाक लावू नका म्हणून शिक्षक ओरडत. त्या उजेडामागे पंप, वाळूचे थर, हौद आणि पाणी तपासणारी माणसे असतात, हे कोणी सांगितले नाही; आम्हीही विचारले नाही. रत्नागिरीला १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघाले, तिथेही मत्स्यालय झाले. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी वीजनिर्मिती करणाऱ्या टाटा कंपनीने १९७० च्या दशकात महसीर माशाचे कृत्रिम प्रजनन चालवले, हे तर वीजवसाहतीत राहणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे.

आता आमच्या चुकीकडे येतो. दुकानदाराने सांगितले होते, "तो काही खात नाही, उलट टाकी साफ ठेवतो." आम्ही ते मानले. शिवाय स्वच्छतेची आमची कल्पना स्वयंपाकघरातली. मोठा, जोरकस फिल्टर आणला, दर रविवारी निम्मे पाणी बदलले, लाकडावरचे शेवाळ घासून काढले. पाणी असे निर्मळ झाले की पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता यावे. दुसऱ्या महिन्यात तिघांपैकी एक लाकडावरून उतरला आणि तळाच्या वाळूत मिटलेल्या पंख्यांनी उकरू लागला. आम्हाला वाटले, रुळला. आता टाकीभर हिंडतो आहे. पाहुण्यांना आम्ही ते कौतुकाने दाखवलेही. पंखे मिटून वाळू उकरणारा हा झिंगा उपाशी असतो, पाण्यात काही मिळेनासे झाल्याची ती शेवटची खूण असते, हे आम्हाला दोन आठवड्यांनी, तो उताणा पडल्यावर कळले. आमच्या यंत्राने आणि त्याच्या पंख्यांनी एकाच पाण्यातले एकच अन्न गाळायचे होते, यंत्र जिंकले.

उरलेल्या दोघांसाठी मग आम्ही जे केले, ते थोडक्यात सांगतो, कारण कुणाला उपयोग होईल. जोरकस फिल्टर काढून स्पंजचा बसवला आणि प्रवाहासाठी वेगळा लहान पंप ठेवला. लाकडावरचे शेवाळ घासणे बंद केले. स्पिरुलिना आणि माशांचे खाद्य खलबत्त्यात पिठासारखे कुटून, पाण्यात कालवून, दिवसातून दोनदा पंपाच्या तोंडाशी सोडू लागलो. तांबे असलेली माशांची औषधे कवचधारी जीवांना विषासारखी, म्हणून ती कपाटातूनच काढून टाकली. डास घालवण्याची विजेवरची द्रावणे त्या खोलीत लावणे बंद केले, कारण त्यातली कीटकनाशके झिंग्यालाही कीटकच समजतात. आणि उन्हाळा! या झिंग्याला पंचवीस अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. टाकीवर पंखा लावून, बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या तरंगत ठेवून आम्ही तो महिना काढला. एका सकाळी वाळूवर त्याचे रिकामे शरीर दिसले, मिशांपासून शेपटीपर्यंत अखंड. घरात सुतकी शांतता पसरली. दुपारी तो लाकडामागून बाहेर आला. त्याने कात टाकली होती. कवच मऊ असेतो हा प्राणी लपून राहतो, हेही आमच्या वाचनात उशिराच आले.

दोघांपैकी एक मादी होती. नराचे पुढचे चालण्याचे पाय जाड असतात, त्यावरून ते ओळखता येते. पुढच्या पावसाळ्यात तिच्या पोटाखाली बारीक तपकिरी अंड्यांचा पुंजका दिसू लागला. काही आठवड्यांनी एका रात्री टाकीतल्या दिव्याभोवती धुळीसारखे काहीतरी नाचत होते. शेकडो पिले. आठवडाभरात एकही उरले नाही.

याचे कारण समजून घेण्यासाठी पेनांगला जावे लागते. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, तिची पिले तळ्यात जगत का नाहीत, या कोड्यावर शाओवेन लिंग हे शास्त्रज्ञ तिथे काम करीत होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांना उत्तर मिळाले: पिलांना मीठ हवे. माता गोड्या पाण्यातली, पण बाल्य खाडीतले. स्वयंपाकघरातले नाना पदार्थ पाण्यात घालून पाहताना सोया सॉसने हे गुपित उघडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. खरी असो वा नसो, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. पुढे हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी याच शोधावर मोठ्या प्रमाणातील पैदास उभी केली आणि जगभरची कोळंबी-शेती, आपल्या कोकणातलीसुद्धा, त्यावर चालली. आमचा झिंगा त्या कोळंबीहून वेगळ्या कुळातला, पण जीवनक्रम तसाच. डोंगरातल्या ओढ्यात अंडी फुटतात, पिले प्रवाहाबरोबर समुद्राला मिळतात, खाऱ्या पाण्यात वाढतात, आणि पुन्हा धबधबे चढत, ओल्या खडकांवरून सरपटत, गोड्या पाण्यात येतात. घरच्या टाकीत हे साधणे जवळजवळ अशक्य. म्हणून दुकानात दिसणारा हा झिंगा आग्नेय आशियातल्या कुठल्या तरी ओढ्यातून पकडूनच आणलेला असतो. पकडणाऱ्याचे नाव कुठल्याच इतिहासात येत नाही. द हान येतो, चेस येतात, सुंदर हिरव्या टाक्यांसाठी शेवाळ खाणारा 'यामातो' झिंगा १९८० च्या दशकात लोकप्रिय करणारे जपानचे ताकाशी आमानो येतात. रात्री बॅटरी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलेला माणूस गाळला जातो. फादर अँड सनमधला किनारा आता आणखी लांब गेला आहे, इतकेच.

आणि आपली तापी? मुलताईपासून अरबी समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर. समुद्राला जाऊन परत यावे लागणाऱ्या कुठल्याही जिवाला सुरतेकडून वर येताना आधी काकरापारचा बंधारा लागतो, मग १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण, मग आणखी भिंती, आणि शेवटी आमच्या दाराशी हतनूर. माणसाला पाणी हवे, विजेला पाणी हवे, केळीला तर हवेच हवे. धरणे उगाच बांधली असे म्हणण्याचा दीपनगरात राहणाऱ्याला अधिकार नाही. पण नदी ही वरून खाली वाहणारी वस्तू आहे, एवढेच आम्ही शिकलो आणि शिकवले. ती खालून वर चढणाऱ्यांचीही वाट असते, हे आम्हाला एका मेलेल्या पिल्लाच्या झुंडीने सांगितले.

तापीचे स्वतःचे गाळणभोजी म्हणजे शिंपले. चांगदेवच्या संगमावर पूर्णा आणि तापी मिळतात तिथे हतनूरचे पाणी फुगलेले असते. अर्धवट रुतलेला, तोंड किंचित उघडून बसलेला शिंपला दिवसभर नदी स्वतःतून गाळून काढतो. त्याच्या पिलांना काही काळ माशाच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करावा लागतो. म्हणजे मासा नसेल तर शिंपलाही नाही, आणि शिंपला नसेल तर गाळलेले पाणी नाही. इथून रेल्वेने तासा-दीड तासावर बुऱ्हाणपूर. तिथे अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखालून भुयारे काढून झिरपलेले पाणी शहराला नेणारा कुंडी भंडारा बांधला गेला. तिथे यंत्राऐवजी दगडमाती पाणी गाळते. खानदेशाच्या या जुन्या राजधानीला जे पाणी मिळत होते, ते डोंगराच्या वेगाने मिळत होते.

हतनूरच्या जलाशयात साचलेल्या गाळाची चर्चा आमच्याकडे दर उन्हाळ्यात होते. किती साचला, कोणी काढायचा, कुठे टाकायचा. गेल्या चर्चेच्या वेळी आम्ही संगमावर गेलो होतो आणि येताना एका बाटलीत तो थोडा घेऊन आलो. काळा, मऊ, बोटांवर तेलकट लागणारा. पंधरा दिवस एका परातीत उन्हात पाण्याखाली ठेवला, त्यात हिरवे शेवाळ धरले, मग त्यातला चमचाभर टाकीत सोडला. कॅलेंडर दिसेनासे झाले. मादी लाकडाच्या वरच्या टोकाला आली आणि चारही पंखे उघडून बसली.

त्या संध्याकाळी दुरुस्तीसाठी वीज तासभर गेली. पंप थांबला, पाणी उभे राहिले, कण हळूहळू तळाशी उतरू लागले. तिने एकेक पंखा मिटून घेतला, पण जागा सोडली नाही.